घर शंभर वर्षांचं आहे म्हणे

मुंबईच्या उपनगरांत ज्या घरावर अजून मंगलोरी कौलं टिकून आहेत, ते घर शंभर वर्षांचं असतं. निदान त्या घरातल्या थोरल्या काकांच्या मते तरी असतंच. कशावरून, असं विचारलं तर काका ओट्यावर बसल्या बसल्या हात हलवतात आणि म्हणतात, "अरे, आजोबांनी प्लेगात बांधलं!" प्लेग मुंबईत मांडवीला उघडकीस आला तो १८९६ च्या सप्टेंबरात. माणसं शहर सोडून साष्टीच्या, म्हणजे आजच्या उपनगरांच्या, मोकळ्या हवेत राहायला गेली, हेही खरं. पण जेवढी घरं 'प्लेगात बांधली' म्हणून सांगतात तेवढी सगळी तेव्हाच उभी राहिली असती, तर त्या वर्षी मुंबईत उंदरांपेक्षा गवंडी जास्त झाले असते.

मग कधीतरी घरात कुणाला शताब्दीचा उमाळा येतो. दारावर संगमरवरी पाटी लावायची, खाली साल घालायचं, जमल्यास चार पानांची पुस्तिकाही छापायची, असं ठरतं. इतिहास काढायचं काम अर्थातच अशा माणसाच्या गळ्यात पडतं, ज्याला "तुला काय, वेळच वेळ आहे" असं म्हणायची सगळ्यांना सवय झालेली असते. त्या बिचाऱ्यासाठी हे लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी धरावी. घराबद्दल प्रेमापोटी कुणी काही लिहून ठेवत नाही. जे लिहिलं गेलं ते वसुलीला आलेल्यांनी. सारा मागणारा तलाठी, पट्टी मागणारी नगरपालिका, भाडं मागणारा मालक आणि हिस्सा मागणारा भाऊ, हे आपले चार बखरकार. ज्या घरात तीन पिढ्या सुखानं नांदल्या त्याचा इतिहास अर्ध्या पानात आटोपतो. भांडखोर घराण्याची फाईल मात्र सुतळीनं बांधावी लागते. तेव्हा आपल्या पूर्वजांत एखादा तरी कज्जेदलाल निघू दे, अशी देवाला प्रार्थना करूनच घराबाहेर पडावं.

पहिली अडचण घराच्या नावाची. तुम्ही त्याला 'श्रमसाफल्य' म्हणता, सरकारदरबारी त्याला नंबर असतो, आणि तोही एक नाही. शेत होतं तेव्हाचा सर्व्हे नंबर आणि त्याचा हिस्सा नंबर. मालकानं तुकडे पाडून विकले तेव्हाचा प्लॉट नंबर. १९१५ च्या नगररचना कायद्याखाली तिथे योजना झाली असेल तर फायनल प्लॉट नंबर. नगर भूमापन झाल्यावरचा सीटीएस नंबर. शिवाय पालिकेचा घर नंबर, जो मधूनमधून बदलत असतो. त्यातून रस्त्याचं नावही जागेवर राहिलेलं नसतं. खरेदीखतात घोडबंदर रोड म्हणून लिहिलेला रस्ता आज स्वामी विवेकानंद मार्ग म्हणून ओळखला जातो. हे सगळे नंबर एका कागदावर शेजारी शेजारी लिहून खिशात ठेवावेत. एखादा राहिला, तर खिडकीपलीकडचे साहेब नेमका तोच मागतात.

कामाला मिळकत पत्रिकेपासून, म्हणजे प्रॉपर्टी कार्डापासून, लागावं. ती नगर भूमापन कार्यालयात मिळते, आता ऑनलाइनही मिळते. वरच्या भागात क्षेत्र, धारणाधिकार आणि 'हक्काचा मूळ धारक'. खाली तक्ता: दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक, साक्षांकन. 'मूळ धारक' वाचून हुरळून जाऊ नये. त्याचा घर बांधण्याशी संबंध असेलच असं नाही; नगर भूमापनाची चौकशी झाली त्या वेळी ज्याचा हक्क मान्य झाला तो मूळ धारक. घर त्याआधी चाळीस वर्षं उभं असू शकतं, आणि ज्यानं बांधलं तो तोवर भिंतीवर हार घालून बसलेला असू शकतो.

त्याच्या मागे जायचं तर सातबारा आणि फेरफार. गाव नमुना सातमध्ये हक्क, बारामध्ये पीक, आणि बदल का झाला त्याची हकीकत नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत. सातबारा जुना असेल तर त्यात काही नावांना कंस केलेला दिसतो. कंस म्हणजे तो इसम हक्कातून गेला; विकून, वाटणीनं किंवा थेट वर. शेजारी वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. तो टिपून घ्यावा आणि नमुना सहाची नक्कल मागावी. पुष्कळ जण इथे चुकतात. सातबाराच्या नकला गोळा करत बसतात, आणि खरी कादंबरी शेजारच्या वहीत पडून राहते. अमका मयत, वारस तमके, पैकी एक परागंदा, दुसऱ्याची हरकत, हरकत फेटाळली, पुन्हा हरकत. चार ओळींत अख्खं खानदान उभं राहतं.

या नोंदींची भाषा मात्र शिकून घ्यावी लागते. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे मुलगा. 'कोम' म्हणजे बायको. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या मुलाचा पालक. ज्या मुलाच्या वतीनं तो नोंदला गेला तोच मुलगा आज फोटोत पांढऱ्या मिशा घेऊन बसलेला असतो. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. या 'मॅ'नं अनेक संशोधकांना मॅजिस्ट्रेट पूर्वज मिळवून दिला आहे. सगळ्यांत घातक शब्द मात्र 'वगैरे'. 'अमुक बिन तमुक वगैरे ४' असं लिहिलेलं असतं, आणि आपले आजोबा नेमके त्या वगैरेत असतात. बायकांचं तर विचारूच नका. माहेरचं नाव, सासरी ठेवलेलं नाव आणि घरातली हाक अशी एकच आजी तीन कागदांत तीन बायका होऊन बसते आणि वंशवृक्षात दोन सवती उगाच वाढतात.

हिस्से आणे-पैत लिहिलेले असतात. अख्खी मिळकत म्हणजे एक रुपया, सोळा आणे, एकशे ब्याण्णव पै. सहा भाऊ असतील तर प्रत्येकाला दोन आणे आठ पै, हिशेब चोख. चार असतील तर चार आणे, आठ असतील तर दोन. पाच भावांत मात्र रुपया पैपर्यंत फिटत नाही. अडतीस पै प्रत्येकी देऊन दोन पै उरतात, आणि माझा असा पक्का समज आहे की उपनगरांतले निम्मे दावे त्या दोन पैंपायी चालू आहेत. क्षेत्राचंही तसंच. खरेदीखतात साडेचार गुंठे लिहिलेलं असतं. गुंठा म्हणजे १२१ चौरस वार किंवा १,०८९ चौरस फूट, तेव्हा साडेचार गुंठ्यांचे झाले साधारण ४५५ चौरस मीटर. पत्रिकेवर त्याहून कमी भरलं तर लगेच शेजाऱ्याच्या कुंपणाकडे रोखून बघू नये. आधी रस्तारुंदीत किती गेलं ते पाहावं. शेजाऱ्याकडे बघायला नंतर आयुष्य पडलंय.

आता ठाणे. मुंबई उपनगर जिल्हा झाला तो १ ऑक्टोबर १९२० ला. त्याआधी साष्टीतली ही गावं ठाणे जिल्ह्यात होती. म्हणजे घर खरोखर शंभर वर्षांचं असेल, तर त्याच्या जमिनीचे सुरुवातीचे कागद ठाण्याच्या दप्तरात निघण्याचा संभव जास्त. मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली १९५० साली आणि दहिसर-मुलुंडपर्यंत १९५७ साली. त्यापूर्वी वांद्रे, कुर्ला वगैरे ठिकाणी वेगळ्या नगरपालिका होत्या. त्यांची दप्तरं बैलगाडीनं आली, ट्रकनं आली की आलीच नाहीत, हे ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. नकाशांचंही हेच दुःख. लाफ्टनसाहेबानं १८६५ ते १८७२ दरम्यान मोजणी करून मुंबईचे सुरेख नकाशे काढले, घर न् घर दाखवलं. पण ते मुंबई बेटाचे. साष्टीत त्यानं पाऊल टाकलं असतं तर आपलं केवढं काम वाचलं असतं!

दस्तांसाठी दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवणारं कार्यालय. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराचं खरेदीखत नोंदवलंच पाहिजे, हे १९०८ च्या नोंदणी कायद्यापासून, खरं तर त्याआधीपासून चालत आलेलं आहे. त्या काळीही उपनगरात शंभर रुपयांखाली बंगला मिळत नव्हता, त्यामुळे दस्त असायला हवा. तिथल्या सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे दस्ताच्या गोषवाऱ्यात, दोन्ही पक्ष, मोबदला, वर्णन, दिनांक, सगळं मिळतं. ऑनलाइन शोध मुंबईपुरता १९८५ पर्यंतच मागे जातो. वकिलाचा 'सर्च' तीस वर्षांत संपतो. तुमचं काम वकील थांबतो तिथून सुरू होतं, आणि तिथून पुढे जाड पुठ्ठ्याचे ग्रंथ, धूळ आणि एक शिपाई, एवढंच उरतं. शिपायाशी सलोखा ठेवावा. कुठलं कपाट गळतं, हे साहेबांना माहीत नसतं.

अर्जाला उत्तर येतं ते ठरलेलं: 'सदर अभिलेख आढळून येत नाही.' किंवा 'जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही.' तोंडी कारण विचारलं तर २६ जुलै. २००५ सालच्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तेव्हापासून उपनगरांत हरवलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी वाहून गेलेला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटातलासुद्धा. अशा वेळी वाद घालू नये. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून कागद न मागता आधी नोंदवह्यांची यादी मागावी. वह्या कुठल्या सालापासून आहेत हे एकदा लेखी हातात आलं, की त्यांतलं पान पाण्यात गेलं म्हणणं जरा जड जातं. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. येईपर्यंत मोडी शिकावी.

हो, मोडी. जुनी कागदपत्रं मोडीत निघाली तर शिरोरेघ आधी ओढलेली असते आणि अक्षरं तिला वाळत घातल्यासारखी लोंबत असतात. ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांत अंतर नाही, लेखणी उचलायची नाही. वाचायला बसलो की पहिल्या दिवशी सगळंच 'राजश्री' दिसतं. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं आणि आकडे तेवढे स्वतः पुन्हा तपासावेत.

कारण सालांत खरी फसगत होते. उंबऱ्याच्या दगडावर शके १८५२, तलाठ्याच्या कागदावर फसली (म्हणजे सारावसुलीचं साल) १३४०, गुजराती सावकाराच्या चिठ्ठीत संवत १९८७ आणि कराराच्या कागदावर १९३०. ही चार वेगळी वर्षं नव्हेत. एकाच हिवाळ्यातले हे चार कागद आहेत. शकात ७८ मिळवायचे, पण पौष-माघ-फाल्गुनात तारीख इंग्रजी नव्या वर्षात गेली असेल तर ७९. फसली साल जूनमध्ये बदलतं. त्यात जून ते डिसेंबर ५९० मिळवायचे, पुढे ५९१. कार्तिकात सुरू होणाऱ्या संवतातून दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा करायचे, नंतर ५६. हे न करता पुस्तिका छापणाऱ्यांची घरं १८५२ साली, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी सुटायच्याही एक वर्ष आधी बांधून झालेली असतात. तेव्हा तिथे राहायला जाणारा कोण होता, तर वाघ.

कागद दगा देतात म्हणून काही जण घरालाच विचारायला जातात. हा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्याला कोर्ट फी स्टॅम्प लागत नाही. नियम एकच: सापडलेली वस्तू एवढंच सांगते की घराचा तो भाग त्या सालाच्या आधीचा नाही. लोखंडी तुळईच्या मधल्या पाटावर उठावाची अक्षरं असतात. रंग ओला करून घासला की दिसतात. 'डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड' असेल तर ती बोटीनं आली. 'टिस्को' असेल तर १९१२ च्या आधीची नाही, कारण टाटांचं पोलाद तेव्हापासूनचं. नक्षीच्या सिमेंट फरशीच्या पाठीवर 'भारत' असेल तर १९२२ नंतरची, कारखाना त्या सालचा. कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव असतं, पण कौलांवरून घराचं वय काढणं म्हणजे टोपीवरून माणसाचं वय काढणं. माकडं, नारळ आणि क्रिकेट यांनी उपनगरातलं एकही छप्पर मूळचं ठेवलेलं नाही. बासेल मिशननं मंगळूरला कारखाना काढला १८६५ साली, तेव्हा त्याआधीचं मंगलोरी कौल कुणी दाखवलं तर चहा पिऊन निघावं.

भिंतीचं जास्त खरं. पोपडा निघालेल्या जागी सांध्यात किल्ली ओढून पाहावी. भुगा पडला तर चुना, किल्लीच झिजली तर सिमेंट. खालच्या मजल्यावर दोन विटांची अठरा इंची भिंत आणि वर दीड विटेची, हे जुन्या भारवाही बांधकामाचं लक्षण. चुन्याच्या भिंतीला कुणी हौसेनं सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आत कोंडते, लोणा लागतो आणि विटा पापडासारख्या सुटतात. त्या खपल्यांखाली जुने रंग आयते दिसतात. नसतील दिसत तर चौकटीच्या बिजागरीकडच्या बाजूला, जिथे कुणी घासत नाही, दोन इंचांचा तुकडा ओल्या पॉलिश पेपरनं घासावा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं निघतात. कोरडं मात्र घासू नये, जुन्या ऑइलपेंटात शिसं असतं. काकूंना आधी सांगावं, हेही त्याच दर्जाचं पथ्य आहे.

आणि वाटण्या! कागदावर वाटणीची तारीख सापडली नाही तर फरशी बघावी. दिवाणखान्यातल्या नक्षीच्या फरशीचा काठ सरळ जातो, भिंतीखाली शिरतो आणि पलीकडे धाकट्या भावाच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बाहेर येतो. म्हणजे फरशी आधी, भिंत नंतर, आणि भांडण दोहोंच्या मध्ये. ती भिंत साडेचार इंची असते, तिला पाया नसतो, ती आढ्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे पन्नास वर्षं अबोला असूनही एका घरची फोडणी दुसऱ्या घरात शिंकवते.

राहणाऱ्यांचा इतिहास मात्र मालकापेक्षा भाडेकरूकडे चांगला असतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं प्रमाणभाडं १ सप्टेंबर १९४० च्या दरावर आणून बांधलं. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला सोडवेना, आणि उपनगरांत दुरुस्ती मंडळाचा उपकरही नाही, तो मुंबई शहरापुरता. परिणाम असा, की मालकाच्या तीन पिढ्या पुण्याला गेल्या तरी मागच्या दोन खोल्यांतलं कुटुंब जागचं हललेलं नाही. त्यांच्या ट्रंकेत सगळ्या भाडेपावत्या असतात. पावतीवर रेव्हेन्यू तिकीट आहे का बघावं. राजाचं तोंड असेल तर काळ कळतो. पण वीस रुपयांपर्यंतच्या पावतीला तिकीट लागतच नसे, आणि साडेबारा रुपये भाड्याच्या घराच्या नशिबी राजाचं दर्शन नाही. भाडं रुपये-आणे-पैत असेल तर पावती १ एप्रिल १९५७ च्या अलीकडची सहसा नसते.

यातूनही सोनं म्हणजे परत आलेल्या मनीऑर्डरी. मालक भाडं घेईना, म्हणजे 'थकबाकीदार' म्हणून काढता येईल. भाडेकरू दर महिन्याला मनीऑर्डर करणार, म्हणजे काढता येणार नाही. आणि पोस्टमन 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती परत आणणार. पोस्टाचा शिक्का तारखेसकट. दोन माणसांनी हट्टानं लिहिलेली एवढी नियमित रोजनिशी दुसरी नाही. दावा लघुवाद न्यायालयात गेला असेल तर त्याहून उत्तम. कोर्टानं नेमलेल्या कमिशनरनं काढलेला खोल्यांचा नकाशा, कोण कुठे झोपतं यासकट, दाव्याच्या कागदांत मिळू शकतो. भाडेकरूकडे जाताना मात्र आपण घराचा इतिहास लिहितो आहोत, हे पहिल्या वाक्यात सांगावं. ट्रंक उघडायच्या आधी ते वकिलाला फोन करतात.

आणि जे कुठेच नाहीत, म्हणजे शिकायला म्हणून आलेला आणि अकरा वर्षं राहिलेला मावसभाऊ, माहेरी परत आलेली आत्या, त्यांच्यासाठी रेशनकार्ड. मुंबईत रेशनिंग आलं १९४३ साली, आणि तेव्हापासून माणसं जन्माला आली की लगेच कार्डावर चढतात, वारली की सावकाश उतरतात. साखरेच्या वाट्यासाठी एखादी आजी मरणोत्तर बारा वर्षं कार्डावर टिकते. तेव्हा कार्डावरून कोण केव्हा आलं ते घ्यावं. गेलं केव्हा, ते स्मशानाच्या पावतीवरून घ्यावं. जनगणनेच्या मागे लागू नये. १९४८ च्या कायद्याप्रमाणे घरोघरचे ते कागद कुणाला बघायला मिळत नाहीत. सरकारला घरात कोण कोण आहे हे दर दहा वर्षांनी सांगून झालेलं असतं, फक्त ते आपल्याला परत सांगत नाहीत.

एवढं सगळं होईपर्यंत पाटीवाला दोनदा फोन करून गेलेला असतो. वहीत जमलेली सालं अशी: काकांचं १८९६, उंबऱ्याचं शके १८५२, तुळईचं १९१२ नंतर केव्हातरी, घरपट्टीच्या वहीत पहिली आकारणी १९३४ (कारण तोवर निरीक्षक आला की मागची खोली गोठा असायची), आणि मिळकत पत्रिकेचं त्याहून तीस वर्षं पुढचं. मंडप, केटरर आणि सनईवाला मात्र याच वर्षाचे ठरलेले. काका म्हणतात, "शके घाला, कुणाला समजत नाही." आत्याबाई म्हणतात, "सालाचं राहू दे, वर नाव कुणाचं घालताय ते आधी सांगा. मी हक्कसोडपत्रावर अजून सही केलेली नाही."

पाटीवाला अक्षरावर पैसे घेतो. त्याला हे रोजचं आहे. तो घराचं नाव कोरतो, खाली चार आकड्यांची जागा सपाट ठेवतो आणि म्हणतो, "ठरलं की फोन करा, घरी येऊन घालून देईन. येण्या-जाण्याचं वेगळं पडेल." त्याच्याकडून तारीख घातलेली पावती मागून घ्यावी आणि भाडेकरूंच्या ट्रंकेत ठेवायला द्यावी.